कारऐवजी दुचाकी: पेट्रोल किती वाचलं, त्याच्या नोंदी

१ जानेवारी

घरात १.२ लिटर इंजिनाची पेट्रोल कार आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात ११० सीसीची स्कूटर कव्हर घालून बराच काळ उभी आहे. शिवाय मावसभाऊ, म्हणजे दादा, त्याची १०० सीसीची मोटरसायकल काही दिवस वापरायला देणार आहे. पेट्रोल वाचवायचं तर यातलं काय रोज बाहेर काढायचं, हे ऐकीव गोष्टींवर न सोडता मोजून ठरवायचं आहे. असाच विचार करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून जसजसं होईल तसं लिहून ठेवते आहे.

खर्च मी पैशांत मांडणार नाही, पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडणार आहे. पेट्रोलचा भाव जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतो. पण बॅटरीला अमुक लिटर पेट्रोलाएवढे पैसे गेले असं लिहिलं, की बचतीच्या शेजारी ते लगेच ताडून बघता येतं.

सुरुवात कारपासून. आधी ती नेमकं किती पिते हे कळायला हवं, नाहीतर पुढची सगळी तुलना हवेत राहील. पद्धत नेहमीचीच: टाकी फुल, वापर, पुन्हा टाकी फुल. पंप तोच, नोझलही तोच, आणि नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं. वेळ सकाळची. एका अंशाला पेट्रोल साधारण ०.१ टक्का फुगतं, म्हणजे दहा अंशांचा फरक पडला तर एक टक्का इथेच गेला. टाळता येणारी चूक टाळलेली बरी.

३१ जानेवारी

कारचा आकडा आला. ६९६ किमी, ५४.४ लिटर, म्हणजे लिटरला १२.८ किमी. कारच्या डिस्प्लेवर मात्र महिनाभर १४.६ दिसत होतं. डिस्प्लेवर विसंबून कुणी हिशोब करत असेल तर एकदा पंपावरच्या पावत्यांशी पडताळून बघा.

आमच्या फेऱ्या छोट्या आहेत, सिग्नल बरेच, आणि सकाळी इंजिन गार असतं. गार इंजिनाला मिश्रण जास्त पेट्रोलाचं लागतं, आणि ते पुरतं तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. कारचं ॲव्हरेज इथेच पडतं.

एक गोष्ट आताच ठरवून टाकली. सगळी तुलना लिटरला किती किमी अशी न करता, युरोपात करतात तशी १०० किमीला किती लिटर अशी करायची. कार: ७.८ लिटर. याचं कारण पुढे मोटरसायकलच्या नोंदीत येईल. माझा निर्णय शेवटी त्याच्यावरच फिरला.

८ फेब्रुवारी

स्कूटर जागी करायला वाटला त्यापेक्षा जास्त वेळ गेला. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, वास आंबूस झाला होता. ते काढून नवं भरलं. किक मारल्यावर चोकवर चालू व्हायची आणि चोक काढला की बंद. रेस दिली तर चालायची, सोडली की मान टाकायची. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कार्ब्युरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला) पायलट जेट, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजला आहे. पेट्रोल उडून गेलं की मागे राहणारा चिकट पिवळा थर त्या बारीक भोकात बसतो.

कार्ब्युरेटर उतरवला. खालच्या वाटीच्या तळाशी तोच थर, नखाने खरवडला तर पापुद्रा सुटत होता. गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं की जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार. क्लीनरचा फवारा मारून, रात्रभर भिजवून, सकाळी हवा मारली. मग आयडलिंग लागलं.

बॅटरी गेलेलीच होती. मागच्या टायरच्या बाजूला भेगा होत्या. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर वाळलेलं. असं टायर ठेवून रोजचा प्रवास करू नये, बदललं.

खर्च: सर्व्हिसिंग, ऑइल आणि प्लग मिळून ९ लिटर, बॅटरी १४, टायर १५. एकूण ३८ लिटर. बचतीचा पहिला थेंब अजून पडलेला नाही.

१६ फेब्रुवारी

स्कूटरचा पहिला आकडा ४९ आला आणि घरात सगळे खूश झाले. मला तो पटला नाही. पुढच्या भरण्याला आकडा आला ३४. इंजिन तेच, रस्ता तोच, मग पंधराचा फरक कसा?

कारण टाकी छोटी आहे. कारमध्ये तीस लिटर भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. स्कूटरमध्ये पहिल्यांदा २.६ लिटर भरलं होतं. तिथे अर्ध्या लिटरने सगळा हिशोब उलटतो. पहिल्या भरण्याच्या वेळी स्कूटर साइड स्टँडवर कलंडलेली होती, टाकी भरण्याआधीच फेस तोंडाशी आला आणि नोझल बंद पडलं. दुसऱ्या वेळी ती डबल स्टँडवर सरळ होती, म्हणून राहिलेलं सगळं त्या वेळी भरलं गेलं.

छोट्या टाकीसाठी आता असं करते. गाडी नेहमी डबल स्टँडवर. टाकीच्या तोंडाच्या आत जी पत्र्याची खालची कड असते तिथपर्यंतच भरायचं. काठोकाठ भरायचं नाही, उन्हात पेट्रोल फुगायला जागा लागते. आणि एका भरण्यावरून ॲव्हरेज कधीच काढायचं नाही. भरण्यांची बेरीज करायची, किलोमीटरची बेरीज करायची आणि मग भागायचं. दोन्ही मिळून २४९ किमी आणि ६.१ लिटर, म्हणजे ४०.८.

१९ फेब्रुवारी

तो ४०.८ सुद्धा खरा नव्हता. फोनच्या जीपीएसवर अंतर लावून बघितलं, तर स्कूटरचं मीटर १०० किमी दाखवतं तेव्हा प्रत्यक्षात ९५.५ झालेले असतात. कारचं मीटर तपासलं, त्यात टक्काभरही फरक नाही. याचा अर्थ स्कूटर आपलं ॲव्हरेज साडेचार टक्के फुगवून सांगत होती. खरा आकडा ३९. यापुढे सगळ्या गाड्यांचे किलोमीटर जीपीएसनेच धरले आहेत.

वापरलेली गाडी घेताना विकणारा जे ॲव्हरेज सांगतो त्यात या दोन्ही चुका सहज बसलेल्या असतात, आणि तो खोटं बोलत असतो असंही नाही.

२४ फेब्रुवारी

११० सीसीच्या स्कूटरला ३९ कमी आहे. इंजिनाला हात लावण्याआधी गाडी मोकळी फिरते का ते बघितलं. डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं, तर अर्ध्या फेरीत थांबलं आणि घासल्याचा आवाज आला. ब्रेक सोडल्यावरही लायनर ड्रमला टेकत होते. आतला कॅम कोरडा पडून अडकत होता. उघडून साफ केला, ग्रीस लावलं, ब्रेकच्या दांडीला थोडी ढील ठेवली. आता चाक हलकं फिरतं.

टायरमधली हवा गाडी गार असताना, सकाळी निघायच्या आधी तपासली. चालवून पंपावर गेल्यावर टायर तापलेलं असतं आणि दाब जास्त दिसतो, मग भरणारा उगाच हवा काढतो. एअर फिल्टर काळा झाला होता, तोही बदलला. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रण घट्ट होतं आणि पेट्रोल जास्त जळतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पेट्रोल सांभाळून घेतो, तिथे मुख्यतः पिकअप जातं.

खर्च जेमतेम २ लिटर. आकडा ३९ वरून ४४ वर आला. या सगळ्या कामात सर्वात स्वस्तात मिळालेली बचत हीच.

२८ फेब्रुवारी

काकांना डावीकडचं कव्हर उघडायला लावलं. आत सीव्हीटी असते, म्हणजे आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणारी यंत्रणा: पुढे व्हेरिएटर (वेगाप्रमाणे रुंद-अरुंद होणारी पुली), मागे क्लच, मध्ये रबरी बेल्ट. व्हेरिएटरमधले रोलर हातात घेतले. गोल असायला हवेत, पण प्रत्येकाला एका बाजूला नखाएवढा सपाट पट्टा पडला होता. असे रोलर आपल्या जागेवरून पूर्ण वर सरकत नाहीत, त्यामुळे गाडी शेवटच्या गिअरसारख्या स्थितीत पोचतच नाही. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरत राहतं. बेल्टही घासून पुस्तिकेत दिलेल्या रुंदीच्या खाली गेला होता.

बेल्ट आणि रोलर मिळून १२ लिटर. हा खर्च फक्त ॲव्हरेजसाठी नाही. बेल्ट रस्त्यात तुटला तर गाडी जागीच उभी राहते. वापरलेली स्कूटर घेणार असाल तर इंजिनाचा आवाज ऐकण्याइतकंच हे कव्हर उघडून बघणं महत्त्वाचं आहे.

मार्चभर स्कूटर चालवायची, एप्रिलभर मोटरसायकल. कामं आहेत तशीच. कार कुणालाही हवी तेव्हा घ्यायची मोकळीक, फक्त वहीत किलोमीटर लिहायचे.

३१ मार्च

स्कूटर: लिटरला ४७ किमी, १०० किमीला २.१३ लिटर. महिन्यात स्कूटर ५८० किमी, कार १२० किमी.

१ एप्रिल

दादाची मोटरसायकल आली. चेन काळी, कोरडी, आणि मधोमध वरखाली हलवली तर चांगलीच लोंबत होती. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साधारण २५ मिमी ढील ठेवून ताणली, साफ करून तेल दिलं. फार ताणू नका, मागचं चाक वरखाली होताना चेन आणखी ताणते आणि बेअरिंग खाते.

दादा म्हणाला, “तू चेन साफ केलीस ते बरं केलंस, माझ्याकडून राहूनच जातं.” मोटरसायकलची ही बाजू कुणी हिशोबात धरत नाही. चेनकडे सतत बघावं लागतं.

३० एप्रिल

मोटरसायकल: लिटरला ६१.५ किमी, १०० किमीला १.६३ लिटर.

स्कूटरपेक्षा इतकं जास्त का देते, ते दोन्ही पाठोपाठ चालवल्यावर लगेच जाणवतं. चेन स्वच्छ असेल तर इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद चाकापर्यंत जाते. बेल्ट थोडा घसरतो, थोडा तापतो, आणि सिग्नलवरून निघताना क्लच प्रत्येक वेळी घासत पकड घेतो. मोटरसायकलचं चाक १८ इंची, स्कूटरचं १०. छोटं चाक खड्ड्यात जास्त बुडतं आणि त्याला लोळायलाही जास्त जोर लागतो. शिवाय मोटरसायकलवर ताशी ४० ला चौथा गिअर टाकता येतो, स्कूटरवर तो निर्णय आपल्या हातात नाही.

आता त्या १०० किमीच्या हिशोबाकडे येते. ४७ आणि ६१.५ हे आकडे शेजारी ठेवले की मोटरसायकल फार पुढे वाटते. लिटरमध्ये बघा. स्कूटर सोडून मोटरसायकल घेतली तर १०० किमीला वाचतं अर्धा लिटर. कार सोडून स्कूटर घेतली तर वाचतात ५.७ लिटर. म्हणजे दोन दुचाकींमधला फरक कारने दहाएक किलोमीटर कमी फिरलं की भरून निघतो.

म्हणून कुठली दुचाकी जास्त ॲव्हरेज देते यापेक्षा कुठल्या दुचाकीमुळे कार जास्त वेळा घरी राहते, हे बघायला हवं. आणि वहीत तेच दिसलं. मोटरसायकलच्या महिन्यात ती चालली ३९० किमी, आणि कार ३१० किमी. कारण साधंच आहे. सामान आणायचं असलं की मोटरसायकलवर ठेवायचं कुठे? हेल्मेट कुठे ठेवायचं? संध्याकाळी दोन पिशव्या असणार हे माहीत असलं की सकाळीच हात कारच्या किल्लीकडे जायचा. स्कूटरला डिकी आहे, पायापाशी सपाट जागा आहे, पिशव्या लटकवायला हूक आहे. आईसुद्धा स्कूटर घेऊन जायची. मोटरसायकल तिने एकदाही घेतली नाही.

महिना ७०० किमीचा धरून:

फक्त कार: ५४.६ लिटर.
मोटरसायकल आणि कार: ६.४ अधिक २४.२, एकूण ३०.६ लिटर.
स्कूटर आणि कार: १२.४ अधिक ९.४, एकूण २१.८ लिटर.

ॲव्हरेज कमी असलेली स्कूटर महिन्याला जवळपास ९ लिटरने पुढे राहिली. मोटरसायकल परत करते आहे. ज्याचा प्रवास एकट्याचा, रोज तोच, लांबचा आणि पाठीवरच्या एका पिशवीत मावणारा आहे, त्याच्यासाठी हे उत्तर उलटं येईल. त्याच्याकडे कार तशीही बाहेर निघणार नसेल, तर तो अर्धा लिटर वर्षभरात मोठा होतो.

६ मे

दादाच्या मनात ६५० सीसी आहे. “कारपेक्षा कमीच पिते ना,” असं त्याचं म्हणणं. कमी पिते, पण किती कमी? अशा गाड्या साधारण २० ते २५ किमीच्या आसपास देतात. म्हणजे १०० किमीला ४ ते ५ लिटर, दोन स्कूटरींइतकं. मोठ्या मोटरसायकलचं मागचं टायर कारच्या टायरपेक्षा खूप आधी संपतं, आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट वेगळा. आवडते म्हणून घ्यावी, ते कारण पुरेसं आहे. पेट्रोल वाचवण्याच्या यादीत तिला बसवू नये, हे त्याला सांगितलं.

मोठं चाक, झाकलेली चेन आणि पाय सरळ आत टाकता येईल अशी बांधणी हे सगळं एकत्र असलेली गाडी आधीपासून आहे: होंडाची सुपर कब, १९५८ पासूनची. क्लचची दांडी नाही, गिअर पायाने. २०१७ पर्यंत तिचं उत्पादन दहा कोटींच्या वर गेलं होतं. स्कूटर की मोटरसायकल या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर मला आजही सर्वात बरोबर वाटतं. ज्यांच्याकडे त्या जातीची गाडी मिळते त्यांनी ती आधी बघावी.

१८ मे

वेग. लांबच्या मोकळ्या रस्त्याने जायचं होतं म्हणून मुद्दाम मोजलं. स्कूटर जाताना ५० च्या आसपास ठेवली, येताना ७५ ते ८०. टाकी छोटी असल्यामुळे पंपाऐवजी मापाच्या भांड्याने भरलं. जाताना ५२, येताना ३८. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि दुचाकीवर बसलेला माणूस म्हणजे हवेला अडवणारा मोठा, वेडावाकडा आकार. कारचा पत्रा हवा कापायला घडवलेला असतो. हेल्मेटसकट आपण तसे नसतो.

माहितीपत्रकातले आकडे वाचतानाही हे लक्षात ठेवा. जपानी कंपन्या दोन आकडे छापतात. एक ताशी ६० च्या एकसारख्या वेगाचा. दुसरा डब्ल्यूएमटीसी या दुचाकींच्या जागतिक चाचणीचा, ज्यात थांबणं आणि वेग घेणं दोन्ही असतं. पहिला बहुतेक वेळा मोठा असतो. रोजच्या रस्त्यासाठी दुसराच बघावा.

२५ मे

हा खर्च पहिल्या पानावर यायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. चांगलं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, जाकीट, हातमोजे, रेनसूट मिळून ५५ लिटर. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या आकडेवारीत, तेवढ्याच अंतरामागे मोटरसायकलस्वारांच्या मृत्यूचं प्रमाण कारमधल्या माणसांच्या वीस पटींहून जास्त निघतं. कारमधून उतरून दुचाकीवर बसणारा माणूस ही जोखीम घेत असतो, आणि ती लिटरमध्ये मांडता येत नाही. म्हणून आमच्याकडे ठरलं आहे: अंधारात मोठ्या रस्त्याने लांब जायचं असेल तर कारच. त्या फेऱ्यांचं पेट्रोल जाऊ दे. हेल्मेटमध्ये तर एक लिटरसुद्धा वाचवायचा नाही.

आतापर्यंतचा सगळा खर्च: ३८, २, १२ आणि ५५, एकूण १०७ लिटर. महिन्याची बचत ३२.८ लिटर. सव्वातीन महिन्यांत वसूल. पण स्कूटर घरात पडून होती म्हणून. नवी घ्यायची आणि ती समजा हजार लिटरला पडली, तर फक्त तिची किंमत फिटायला अडीच वर्षं लागतील, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. महिन्याला ३०० किमीच फिरणाऱ्याने तर पेट्रोलच्या नावाखाली नवी गाडी घेऊच नये.

१४ जून

सकाळी कार चालू झाली नाही. उभी राहून राहून बॅटरी उतरली. अलार्म आणि घड्याळ बंद गाडीतही थोडी थोडी वीज घेत असतात. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून चालू केली. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर होता, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून गेला. एका टायरची हवा निम्मी.

रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून भागत नाही. स्टार्टर जेवढं घेतो तेवढंही परत भरत नाही, आणि गार इंजिनात पेट्रोल जळतं ते वेगळंच. बॅटरीला लावून ठेवायचा छोटा चार्जर घेतला, २० लिटर. एकूण खर्च १२७ वर गेला.

३० जून

कारची कामं आता साठवून एका लांब फेरीत करतो. जड सामान, दूरची भेट, आईची तपासणी, सगळं एकापाठोपाठ, इंजिन तापलेलं असतानाच. या महिन्यात कारचं ॲव्हरेज मोजलं तर १४.९ आलं. कारमध्ये काहीच बदललेलं नाही. गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्या स्कूटरने उचलल्या, एवढंच. १२० किमीला आधी ९.४ लिटर लागायचे, आता ८.१. महिन्याची बचत ३४ लिटरच्या वर गेली आणि चार्जर धरूनही वसुली पावणेचार महिन्यांत बसते.

स्कूटरच्या पुढच्या टायरच्या बाजूलाही आता बारीक भेगा दिसायला लागल्या आहेत. पुढच्या आठवड्यात बदलणार, साधारण १३ लिटर.